‘दुरूस्ती’तला रू दीर्घच ठेवावा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे बहात्तर, संगणक दुरुस्तीच्या धंद्यातून यंदाच निवृत्त, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर, राजीखुशीने आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. आमची ही असती तर त्या दाखल्यावर दोन शब्द बोलली असती. ती जाऊन अडीच वर्षं झाली. मजकूर मी सांगितला, वकीलसाहेबांनी टाइप करवला. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ त्यांचे, मधली बडबड माझी.

१. मला एकच अपत्य, मुलगी. घरात तिला खारूताई म्हणतात. यातला रू दीर्घच असतो, हे तिच्या आईने तपासून दिलेलं आहे. तिची आई छापखान्यात एकतीस वर्षं मुद्रितशोधक होती. राहतं घर, बँकेतली शिल्लक आणि माळ्यावरचा पसारा खारूताईचा. पसारा आवरताना माझ्या नावाने बोटं मोडायला हरकत नाही.

२. सोल्डरिंगचं सामान, मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हरचा संच तांत्रिक शाळेला द्यावा. संचातला सर्वांत बारीक स्क्रू-ड्रायव्हर सापडणार नाही. तो समोरच्या घड्याळजींनी एकोणीस वर्षांपूर्वी ‘पाच मिनिटांसाठी’ नेला. सदर स्क्रू-ड्रायव्हर मी त्यांना या मृत्युपत्राने रीतसर देत आहे, म्हणजे मी दिसलो की तो खिशात लपवायला नको. वस्तू मिळाल्यामुळे ते साक्षीदार होऊ शकत नाहीत, असं वकीलसाहेब म्हणतात. घड्याळजी फुगून बसतील. बसू देत. ही आजारी असताना रोज संध्याकाळी डबा घेऊन तेच यायचे, हे मी विसरलेलो नाही.

३. दुकानावरचा बोर्ड विकू, रंगवू किंवा फेकू नये. त्यावर ‘येथे सर्व प्रकारची दुरूस्ती होईल’ असं आहे. पेंटरला मजकूर मीच लिहून दिला होता, तेव्हा चूक माझी. त्या वेळी टाइपरायटर आणि रेडिओ असायचे, संगणक मागून आले. दुकान उघडून आठवडा झाला असेल, एक बाई पायरी चढून आल्या. म्हटलं, चला, गिऱ्हाईक आलं. तर म्हणाल्या, “अहो, तुमचा रू चुकलाय. दुरुस्तीतला रु ऱ्हस्व असतो. निदान दुरुस्ती तरी नीट लिहा!”

मी विचारलं, “बाई, काही दुरुस्तीला आणलंय का?”

“नाही.”

“मग राहू दे तो रू.”

पुढच्या आठवड्यात त्या छापखान्याचा टाइपरायटर घेऊन आल्या. त्याला काहीही झालेलं नव्हतं. मी तो चार दिवस ठेवून घेतला. लग्नानंतर अडतीस वर्षं त्या रूवरून आमचं वाजत राहिलं, पण बोर्ड मी बदलला नाही.

४. हिचा संगणक खारूताईला द्यावा. त्यात हिची ‘चुकांची वही’ आहे. छापखान्यात, पाट्यांवर, निमंत्रणपत्रिकांत सापडलेल्या चुका ही टिपून ठेवायची आणि जेवताना लेकीला वाचून दाखवायची. दोघी हसून हसून ठसकायच्या. पुढे ती वही संगणकात गेली आणि मला शहाणपण सुचलं. मी तिचं सगळं लिखाण एन्क्रिप्ट करून दिलं, म्हणजे पासवर्डाशिवाय कोणाला अक्षर दिसू नये. म्हटलं, पासवर्ड लांब ठेव, अख्खं वाक्य ठेव, कुठे लिहू नकोस, मलाही सांगू नकोस. ती हसली. म्हणाली, “रोज तुमच्या डोक्यावर असतो, तरी तुम्हाला दिसायचा नाही.”

ती गेली आणि महिन्याभरात मशीन सुरू व्हायचं बंद झालं. अशा वेळेसाठी एक पेनड्राइव्ह आधीच करून ठेवतात. त्यावरून बंद मशीन सुरू करता येतं, आणि कुलपाची एक जादा किल्लीही त्यात ठेवता येते. पण ती किल्ली कुलूप उघडं असतानाच काढावी लागते. अख्ख्या गावाला मी असे पेनड्राइव्ह करून दिले. घरचा राहिला. उद्या करू, उद्या करू म्हणत राहिला. मशीन मी नंतर सुरू केलं, कुलूप मात्र तसंच.

खारूताई म्हणाली, “बाबा, गावाचं केलंत आणि आईचं राहिलं?” ती घरातून निघून गेली ती गेलीच. दोन वर्षं माझ्याशी बोललेली नाही. तिचं चुकलेलं नाही, चुकलं माझं. ही वही तिच्या हातात पडल्याशिवाय मला मरायचं नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. वकीलसाहेब म्हणतात, कायद्यात याला आधार नाही.

५. डोक्यावर काय असतं? मी टोपी, टक्कल, पंखा, छत, आभाळ सगळं घालून पाहिलं. यंदा दुकान बंद केलं तेव्हा बोर्ड उतरवताना खाली धरायला मीच उभा होतो. बोर्ड निसटला आणि माझ्या डोक्यात बसला. टेंगूळ आलं आणि प्रकाशही पडला. तसाच घरी धावलो. बोर्डावरचं वाक्य टाइप केलं, पण रु ऱ्हस्व लिहिला, कारण आमची ही चुकीचं लिहील हे शक्यच नव्हतं. उघडेना. पासवर्ड टाकताना नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे बोट चुकलं असेल म्हणून तीन आठवडे तेच लिहीत बसलो. शेवटी वैतागून बोर्डावर आहे तसं, माझ्या दीर्घ रूने लिहिलं.

उघडलं. आयुष्यभर माझा रू सुधारणाऱ्या बाईने तोच रू कुलपाला लावला होता. मी हमसून हमसून रडलो, सांगायला लाज कसली. वहीतली पहिली नोंद तेवढी वाचली: ‘दुरूस्ती. नव्या दुकानाचा बोर्ड. चूक कळवली. मालक हट्टी आहे, पण हसतो छान. आहे तसेच ठेवावे.’

पुढचं वाचलेलं नाही. ते खारूताईचं आहे.

६. खारूताई, हे कलम तुझ्यासाठी. कुलूप उघडल्यावर केलेला पेनड्राइव्ह शिवणाच्या डब्यात, बटणांखाली आहे. तो दगा देऊ शकतो, म्हणून नवा करायला शीक. रिकामा पेनड्राइव्ह घे, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे. दुसऱ्या चालू संगणकावर मशीन सुरू करणारी फाइल ती बनवणाऱ्यांच्या मूळ साइटवरूनच उतरव आणि ती नीट उतरली की नाही ते ताडून पाहा. ती नुसती कॉपी करून चालत नाही, खास प्रोग्रॅमने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. इथेच निम्मं जग फसायचं आणि मग माझ्याकडे यायचं. आईच्या मशीनला पेनड्राइव्ह लाव, सुरू करताना त्याचीच निवड कर. कीबोर्ड इंग्रजी येईल, आधी मराठी जोडून घे. ते जोडल्याशिवाय पासवर्ड लिहिताच येणार नाही. मशीन ‘फॉरमॅट करू का?’ विचारेल. नाही म्हण. गोड बोललं तरी नाही म्हण. कुलूप उघडलं की आधी वही दुसरीकडे कॉपी कर, मग बाकीचे उद्योग.

७. पासवर्ड मृत्युपत्रात लिहितात का, असं वकीलसाहेबांनी तीनदा विचारलं. लिहितात. तो असा: येथे सर्व प्रकारची दुरूस्ती होईल. त्यांच्या टायपिस्ट बाईंनी सदर रू चार मसुद्यांत चार वेळा सुधारला. म्हणून स्पष्ट करतो, की तो कोणीही, कोणत्याही कारणाने, अगदी न्यायालयानेही सुधारू नये.

पुरवणी, माझ्या हाताने:

आज सहीला बसलो तेव्हा वकीलसाहेबांनी पेनाऐवजी माझाच फोन माझ्या हातात दिला. म्हणाले, “मरायची वाट कशाला बघता? आत्ता सांगा.” मी खारूताईचा नंबर लावला. तिने उचलला. मी म्हणालो, “खारूताई, आईचं उघडलं गं. बोर्डावरचं वाक्य होतं.”

ती म्हणाली, “बाबा, कुठला रू?”

“माझा.”

ती हसायला लागली की रडायला, मला कळेना. मग नाक ओढत म्हणाली, “रविवारी येते. तोवर पुढचं पान उघडलंत तर याद राखा.”

तेव्हा कलम सहा मी तिला समोर बसवूनच शिकवीन. बाकी कलमं कायम. माझ्याकडून राहिलेली दुरूस्ती रविवारी होईल.

स्थळ: राहतं घर, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: २१ नोव्हेंबर, शुक्रवार

सही (मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १: डॉक्टर. माझ्यासमोर सही केली. रक्तदाब फोननंतर वाढला होता, आता ठीक.
सही

साक्षीदार २: मुद्रितशोधक, छापखाना, बाईंच्या हाताखाली शिकले. मजकूर दोनदा वाचला. एक चूक आढळली. आहे तसेच ठेवावे.
सही