पाटीवर काय लिहिलंय

फ्रेझ्नो, कॅलिफोर्निया
२ ऑक्टोबर २०२५

ती. भापाजींच्या चरणी मत्था टेकतो. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट शेजारच्यांकरवी तुमच्या कानात ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून पत्र.

परवा अ‍ॅरिझोनात वजनकाट्यावर तपासनिसाने ट्रक थांबवला. चालकाला इंग्रजी आलंच पाहिजे, यावर आता कडक तपासणी असते. त्याने पाट्यांची चित्रं दाखवून अर्थ विचारला. पुलावर रस्त्याआधी बर्फ धरतो, एवढंच सांगायचं होतं. सात वर्षं त्या पाटीवरून जातोय, भापाजी! कळत होतं, पण जीभ उचलेना. नुसतं 'येस सर, येस सर' करत राहिलो. त्याने मला पुढे चालवू दिलं नाही. मालकाने दुसरा चालक धाडला आणि मी माझ्याच ट्रकमध्ये बाजूला बसून घरी आलो.

दुसरी धास्ती परवान्याची. आश्रयाचा अर्ज कोर्टात लटकलाय, आणि आमच्यासारख्यांचे परवाने सरकार पुन्हा तपासतंय. मालक म्हणतो, त्याच्या मेहुण्याच्या परवान्याचं कार्ड खिशात ठेव, काटे चुकवून आडवाटेने जा, पगडी-दाढीत कोण ओळखतंय. हे ऐकल्यापासून तुमची सून रूपी माझ्याशी धड बोलत नाही. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. नाहीही म्हटलेलं नाही.

तुम्ही तीस वर्षं ट्रक चालवलात. काय करू, ते लिहा. रागवा हवं तर, पण माया पातळ करू नका.

आपला,
निरवैल


कोट महताब, जि. तरनतारन
२१ ऑक्टोबर २०२५

चि. निरवैल यास अ. उ. आ.

इंग्रजीच्या तासाला उसात पळायचास, आता भोग! सूनबाई बोलत नाही ते बरंच करते.

आता नीट वाच. मद्रासकडे माझा ट्रक पुलावरून कोसळला आणि माझा जोडीदार बचित्तर याचा पाय गेला, हे तुला ठाऊक आहे. ब्रेक निकामी झाले, असं मी सगळ्यांना सांगितलं. ब्रेक ठीक होते. पुलाआधी तमिळमध्ये धोक्याची पाटी होती. मला वाचता येईना, आणि थांबून विचारायला शब्द नव्हते, लाजही वाटली. उशीर होत होता, म्हणून तसाच घातला ट्रक. बचित्तर गेला तरी ब्रेकलाच शिव्या देत गेला. तुझ्या आईला, बीजीलाही मी हे सांगितलं नाही.

तो तपासनीस तुझा वैरी नाही. इंग्रजी शीक. परक्याचं कार्ड खिशात घालू नकोस. उद्या काही घडलं, तर तू कोण म्हणून उभा राहशील?

इकडे ये, असं लिहिणार होतो. पण ज्यांच्या धाकाने तू देश सोडलास, ते लोक अजून तुझ्या नावाने विचारत येतात. येऊ नकोस.

म्हाताऱ्याला विसरू नका.

भापा


फ्रेझ्नो
१४ डिसेंबर २०२५

ती. भापाजींच्या चरणी मत्था टेकतो. वि. वि.

तुमचं पत्र मी रूपीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, भापाजी इतकी वर्षं हे एकटेच घेऊन बसले होते.

मालकाला नाही म्हणून सांगितलं. तो म्हणाला, मग उपाशी मर, पण चालक कमी म्हणून खेपा देत राहिला. आमच्या लेकीने, जपनीतने मला इंग्रजी शिकवायला घेतलं. नऊ वर्षांची पोर, पण मास्तरीण कडक. पाटी चुकलो की माझ्या ताटातला पराठा तिच्या ताटात जातो. महिनाभर मी अर्ध्या पोटीच उठत होतो.

पण सरकारचं पत्र आलंच. माझ्या कागदांवर हा परवाना चालणार नाही, बारा डिसेंबरपासून रद्द. इंग्रजी येवो न येवो. सोमवारपासून बदामाच्या गोदामात पोती उचलायला जाणार आहे. आश्रयाची सुनावणी मार्चमध्ये आहे. तिथे काय होईल, वकीलही सांगत नाही.

शेवटची खेप नऊ तारखेला केली. त्याच वजनकाट्यावर पुन्हा थांबवलं. तपासनिसाने अकरा पाट्या विचारल्या, माल काय, कुठे निघालास, ब्रेक कधी तपासलेस, सगळं विचारलं. मी एकेकाचं उत्तर दिलं. या वेळी जीभ अडली नाही. तो हसला आणि म्हणाला, तुझ्यासारखे चालक हवेत, जा बिनघोर.

भापाजी, मी त्याला थँक्यू म्हटलं आणि ट्रक रस्त्यावर घेतला. परवान्याचे तीन दिवस उरले होते.

पाठीवर हात असू द्या.

आपला,
निरवैल