रिकाम्या बिछान्याशी साठ मैल

लॉर्ड्सबर्ग, न्यू मेक्सिको
११ जून १९९३

ती. हॅरिएटताई यांस,
सा. न. वि. वि.

तुमचा भाऊ सुखरूप आहे, जेवला आहे आणि आत्ता माझ्यासमोर बसून पत्ते पिसतोय. हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं तुम्ही श्वास रोखून वाचणार नाही.

सकाळी सातला ग्लोबहून निघालो. डुलुथला तुमच्याकडे महिनाअखेरीस पोचायचं, म्हणून ऊन चढायच्या आत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं ठरवलं होतं. एप्रिलपासून घरगाडी मीच चालवते. ऑरिन म्हणतो, त्याचे डोळे दुखतात. तीस वर्षं बर्फ लोटायचं अवजड धूड चालवलेला माणूस, तो चाक माझ्या हाती देतो तेव्हा मी जास्त विचारलं नाही. रात्री त्याला झोप लागली नव्हती, म्हणून सॅफर्डला तो मागे बिछान्यावर जाऊन पडला आणि मी मधला पडदा ओढून घेतला.

सॅफर्ड सोडल्यावर दहा-बारा मैलांवर रस्त्याकडेला एक सिमेंटचं टेबल आणि वर पत्र्याची सावली आहे. बाकी काही नाही. नुसती काटेरी झुडपं आणि वाळू. बाहेरच्या कनातीचा पट्टा सुटून फडफडत होता, तो आवळायला मी थांबले. पाच मिनिटं लागली असतील. परत आत आले, बसले, निघाले.

ताई, तुमच्यापासून एक गोष्ट लपवली आहे. टुसॉनच्या डॉक्टरांनी एप्रिलमध्ये मला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं, की ऑरिनची स्मरणशक्ती जात चालली आहे आणि ती परत यायची नाही. त्याला मी रक्तदाबाचं काहीतरी सांगून वेळ मारून नेली. दोन महिने हे एकटीच गिळून बसले होते. आज पडदा मध्ये होता, त्याचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून धीर आला. गाडी चालवता चालवता मी सगळं बोलून टाकलं. डॉक्टर काय म्हणाले ते, मला किती भीती वाटते ते. त्याच्यावर चिडते त्याबद्दल माफीही मागितली. मागून हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, ऐकून रडत असेल. डंकन गाव गेलं, राज्याची हद्द गेली, मी बोलतच होते.

लॉर्ड्सबर्गच्या पेट्रोल पंपावर गाडी लावली, तोंड धुतलं आणि पडदा सारला. बिछाना रिकामा होता. न्हाणीघरात पाहिलं. वेड्यासारखं कपाटसुद्धा उघडून पाहिलं. त्याची पाण्याची बाटली उशाशी तशीच होती.

पंपावरच्या बाईने शेरीफच्या कचेरीत फोन लावून दिला. ते म्हणाले, माणूस पाठवतो, तुम्ही तिथेच थांबा. मी कशी थांबणार? गाडी वळवली. बाहेर पारा एकशेआठ फॅरनहाइटवर होता. ते साठ मैल मी कसे कापले, विचारू नका. रस्त्याकडेला कुणी पडलंय का, तेवढंच बघत होते.

तो त्या टेबलाशीच होता. शेजारी मिसेस इबारा नावाची एक बाई होती, डंकनजवळ तिची मेंढरं आहेत. बाजार करून परतताना तिला हा दिसला. त्याला सॅफर्डला सोडते म्हणाली, तर हा जागचा हलेना. मग तीच त्याच्याजवळ दीड तास बसून राहिली. तिच्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळून तिच्या गाडीभर झालं होतं.

मी धावत गेले. ऑरिन उठून उभा राहिला, टोपी काढली आणि मला अदबीने म्हणाला, “माझी बायको येणार आहे. वाटेत तुम्हाला पांढरी गाडी दिसली का?”

एक्केचाळीस वर्षांचा संसार, ताई. मी तिथेच मटकन खाली बसले. मिनिटभराने तो स्वतःच माझं नाव घेऊन म्हणाला, की अशी उन्हात काय बसलीस. उठवायला हात पुढे केला, तेव्हा तळव्यावर शाईची अक्षरं दिसली. पांढरी गाडी, तपकिरी पट्टा. व्हर्ना चालवते. हरवलास तर जागेवरून हलू नको. ताजी शाई होती, आणि तिच्याखाली जुनी, धुऊन फिकी झालेली. म्हणजे हे रोजचं होतं. म्हणजे त्याला माहीत होतं. मी त्याला अजून काही विचारलेलं नाही.

तुमचा जीव आमच्यात अडकलेला असतोच, आता जरा जास्त अडकू द्या.

तुमची,
व्हर्ना

ता. क. आठवडाभर इथेच थांबतोय. पत्र इथल्या पोस्टाच्या पत्त्यावर टाका.


डुलुथ, मिनेसोटा
१५ जून १९९३

प्रिय व्हर्नास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्याने वाचलं आणि मग बसले ती तासभर उठले नाही. दुसरं काही लिहिण्याआधी माझा गुन्हा कबूल करते. सोबत ऑरिनचं मार्चमधलं पत्र आहे. घरगाड्यांच्या तळावर तो कपडे धुवायला गेला आणि आपली गाडी कुठली ते त्याला दोन तास सापडलं नाही. त्याने सगळं लिहिलं आहे. तुला सांगू नको, अशी शपथ घातली होती. व्हर्नाला या प्रवासाची चाळीस वर्षं हौस होती, ती आता कुठे पुरी होतेय, असं त्याचं म्हणणं. डोळे दुखण्याचं सोंगही त्यासाठीच.

मी त्याची मोठी बहीण. लहानपणी त्याने खिडकी फोडली तेव्हाही मीच गप्प बसले होते, पण ही खिडकी नव्हती, हे मला कळायला हवं होतं. तुम्ही दोघं एका खोलीएवढ्या गाडीत राहता आणि एकमेकांपासून एकच गोष्ट लपवता. आता ती टेबलावर काढून ठेव. माझ्या घराची खालची खोली रिकामी आहे, हेही सांगून ठेवते.

रागावलीस तरी पत्र पाठवायचं सोडू नकोस.

तुझी,
हॅरिएट


लॉर्ड्सबर्ग
१९ जून १९९३

हॅरिएटताई,
सा. न. वि. वि.

रागावले आहे. मार्चमध्ये एक ओळ लिहिली असतीत, तर मी दर थांब्यावर पडदा सारून बघितलं असतं. मिसेस इबाराला त्या दिवशी बाजारात उशीर झाला असता तर आज हे पत्र दुसऱ्याच कशाबद्दल असतं. पण मीही तुम्हाला एप्रिलपासून कळवलं नाही, तेव्हा हा राग वाढवायला मला तोंड नाही.

सकाळी न्याहारीला त्याचं पत्र त्याच्या पुढ्यात ठेवलं. दुसऱ्या कुणाचं वाचावं तसं त्याने ते सावकाश वाचलं, आणि लिहायला कागद मागितला.

व्हर्ना


लॉर्ड्सबर्ग
१९ जून १९९३

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

व्हर्ना म्हणते, त्या दिवशी मी तिला ओळखलं नाही. ते मला आठवत नाही. पण त्याआधीचं आठवतं, आणि ते लख्ख आठवतंय तोवर लिहून काढतो.

व्हर्ना पट्टा आवळण्यात गुंतली होती, तेव्हा मी तिच्या नकळत उतरून लघवीला झुडपांमागे गेलो होतो. परत आलो तेव्हा गाडी नुकती हलली होती. मी पंधरा-वीस पावलांवर होतो. ओरडलो असतो तर तिने ऐकलं असतं. हात वर केला असता तर आरशात दिसलो असतो. मी दोन्ही केलं नाही. जाऊ दे तिला, असं माझ्या मनात आलं. सगळं नीट पॅक केलेली गाडी, पुढे मोकळा रस्ता आणि मागे मी नाही. तिचं ओझं किती हलकं होईल, असं वाटलं. मला भीती वाटली नाही. पाण्याचा विचारही आला नाही.

मग गाडी टेकाडामागे दिसेनाशी झाली, आणि लक्षात आलं की रिकामा बिछाना कुठेतरी तिला एकटीला दिसणार. ती घाईघाईत वळणार, आणि त्या अरुंद रस्त्यावर एवढी लांब गाडी तिला अजून नीट वळवता येत नाही. तेव्हा मात्र मी धावलो, ताई. धाप लागेपर्यंत धावलो. मग टेबलाशी परत आलो आणि ती बाई येईपर्यंत देवाची करुणा भाकत बसलो.

तुझी खालची खोली आम्ही घेऊ. पण थेट यायचं नाही. वाटेत अजून चार-पाच जागा व्हर्नाला बघायच्या आहेत, मी तिच्या शेजारी पुढे बसणार आहे.

हे तिला तोंडाने सांगायचं धाडस माझ्यात नाही, आणि उद्या आठवेल याची खात्री नाही. म्हणून पत्र पोस्टात टाकायला तिच्याच हाती देतोय. पाकीट चिकटवलेलं नाही.

तुझा धाकटा,
ऑरिन

ताई, पाकीट मी चिकटवतेय. आधी बाहेर पायरीवर बसून वाचलं. आता त्याला सांगणार आहे, की मला गाडी वळवायला शिकव. – व्हर्ना