गाठीतला ऑक्सिजन मोजण्यासाठी नायट्रोजन मिळण्याबाबत

प्रति,
मा. भांडार अधिकारी,
कर्करोग रुग्णालय

विषय: नायट्रोजनचे सिलिंडर मिळणे, तसेच बाहेरचे सिलिंडर विनापरवाना आणल्याचा खुलासा.
संदर्भ: माझे तीन अर्ज (प्रलंबित); आपली नोटीस (तत्पर).

महोदय,

मी रुग्णाच्या गाठीत केसाएवढी तार घालून तिथला ऑक्सिजन मोजते. ऑक्सिजन कमी असला की गाठ किरणांना दाद देत नाही. नवे औषध तो किती वाढवते आणि किती वेळ, हे पाहणे माझे काम. त्याआधी तार खरे बोलते ना, हे तपासावे लागते. पाण्यात नायट्रोजन सोडून त्यातला ऑक्सिजन घालवायचा, तार बुडवायची; तिने शून्य दाखवले पाहिजे.

१. पहिल्या अर्जावर आपला शेरा: "ऑक्सिजन मोजायचा तर ऑक्सिजनच मागावा." लगोलग दोन सिलिंडर आली. आपल्या औदार्याने मी गुदमरले.

२. दुसऱ्या अर्जावर बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचे चिमटे आले. गाठीला बोटे नसतात, याबद्दल गाठीच्या वतीने दिलगीर आहे.

३. तिसऱ्या अर्जात 'वायू' हा शब्द आल्याने आपण तो पचनविकार विभागाकडे वर्ग केलात. त्यांनी मला पथ्य कळवले आहे.

दरम्यान मंगळवार उजाडला. रुग्ण व्हायोलिन शिकवणारे मास्तर, मानेत लिंबाएवढी गाठ. म्हणाले, "मोजा खुशाल, पण आधी तार जुळवून घ्या हं!" जुळवायला माझ्याकडे काहीच नव्हते. मी तडक समोरच्या गल्लीतल्या वेल्डरकडे गेले. त्याच्याकडे शुद्ध आर्गॉन असतो; त्यातही ऑक्सिजन नसतो. कारण ऐकून तो म्हणाला, "ताई, अर्ज कसला करताय? चला, आणून देतो." आणि ढकलगाडीवरून सिलिंडर आणूनही दिले.

तार शून्यावर आली. मास्तरांच्या गाठीत ऑक्सिजनचा दाब औषधाआधी चार, अर्ध्या तासाने तेरा, दोन तासांनी पुन्हा पाच. म्हणजे आजवर औषध देऊन रुग्णांना आपण किरणांआधी दोन तास बाकावर बसवत होतो, ते औषध चढावे म्हणून नव्हे, उतरावे म्हणून. किरणोपचाराच्या डॉक्टरबाईंनी आकडे पाहिले आणि भिंतीवरचा वेळांचा तक्ता फाडला. आता किरण अर्ध्या तासात मिळतात. सहा आठवड्यांत मास्तरांची गाठ वाटाण्याएवढी झाली आहे.

नोटिशीतला आरोप मला मान्य आहे. सिलिंडर फाटकातून आले, नोंदवहीतून आले नाही. शिक्षा अवश्य द्यावी, सोबत नायट्रोजनही द्यावा. पुढच्या आठवड्यात चार रुग्ण आहेत. मंजुरीला नेहमीइतकाच वेळ लागणार असल्यास, तोवर वाढू नये असे त्यांच्या गाठींना आपल्या सहीने कळवावे. माझे त्या ऐकत नाहीत.

शेऱ्याची वाट पाहत,
आपली नम्र,
(सही)
तंत्रज्ञ, ऑक्सिजन मापन कक्ष
दिनांक: ११ मार्च

सोबत: मोजमापाचा आलेख, नोटिशीची प्रत.