काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात

ती. सौ. ताईस,

पलंगावरून जमेल तेवढा वाकून नमस्कार. (जास्त वाकलो की उजवीकडे खाली कळ येते, तेव्हा उरलेला नमस्कार घरी आल्यावर पुरा करीन.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? माझं म्हणशील तर मी ठणठणीत आहे आणि म्हणूनच मला इस्पितळात ठेवलं आहे. तू यायची काही गरज नाही. फक्त काही कमीजास्त झालं तर निदान एका माणसाला खरं काय ते ठाऊक असावं, म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

झालं असं, की परवा दुकानात एका बाईंचा मिक्सर उघडून बसलो होतो, तेव्हा बेंबीपाशी दुखायला लागलं. संध्याकाळपर्यंत तेच दुखणं सरकत सरकत उजव्या बाजूला खाली जाऊन बसलं. आता इतकी वर्षं मी पंखे आणि मिक्सर दुरुस्त करतोय. बिघाड जिथे असतो तिथेच असतो, तो जागा बदलत नाही. म्हणून मी या दुखण्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतो. पण ही ऐकेल तर शपथ. (तुझी भावजय मला घाबरत नाही, हे तुला माहीत आहेच.) तिने मला रिक्षात घातलं आणि इथे आणून सोडलं.

इथल्या सर्जनने पोट दाबलं. दाबल्यावर दुखलं, ते ठीक. पण हात पटकन सोडल्यावर त्याहून जास्त दुखलं, आणि माणूस चक्क खूश झाला. दुसऱ्याच्या दुखण्याने खूश होणारा माणूस मला सरळ वाटत नाही. मग रक्त घेतलं, पोटावर काहीतरी गार चिकट फासलं आणि टीव्हीवर आतलं पाहिलं. मलाही दाखवलं. नुसत्या मुंग्या. टीव्हीवर तशा मुंग्या आल्या की आम्ही अँटेना हलवून बघतो. यांना त्यात अपेंडिक्स दिसलं, तेही सुजलेलं. अपेंडिक्स म्हणजे म्हणे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी करंगळीएवढी नळी, एका टोकाला बंद. तिचं तोंड बुजलं की आत घाण साठते, सूज चढते, आणि वेळेत काढली नाही तर ती फुटून पोटभर पू पसरतो. मी विचारलं, ही नळी करते काय? म्हणाले, तिच्यावाचून काही अडत नाही. ताई, ज्याच्यावाचून काही अडत नाही असा पार्ट कोणी मशीनमध्ये बसवेल का? इथेच कुठेतरी पाणी मुरतंय.

मी सुचवलं, औषधांवर भागवा. काहींचं तसं भागतं, हे त्यांनीच कबूल केलं. पण माझ्या नळीच्या तोंडाशी खडा अडकलाय, तेव्हा औषधाचा भरवसा नाही, काढायलाच हवं. पोटावर तीन बारीक भोकं पाडतील, बस्स. बरोब्बर माझ्याच नळीत खडा कसा आला, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय कालपासून पाण्याचा थेंब देत नाहीत. (शेजारच्या पलंगावरचे मास्तर माझ्याकडे बघत फुरके मारून चहा पितात. ते यांच्यातलेच असावेत.)

तुला माझ्या दुकानाची रीत ठाऊक आहे. जळलेला स्विच असो नाहीतर झिजलेला बुश, काढलेला पार्ट पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे नंतर बोलायला जागा नको. तीच अट मी इथे घातली. सर्जन म्हणाले, ते तपासायला लॅबमध्ये जातं. मी म्हटलं, आधी माझ्या हातात, मग लॅबमध्ये. तर म्हणे, तुम्ही तेव्हा बेशुद्ध असाल. बघितलंस? गिऱ्हाइकाला झोपवायचं आणि मग मशीन उघडायचं. असा धंदा मी जन्मात केला नाही. तेव्हा माझा होकार नाही. ही कोपऱ्यात बसून रडते आहे, पण माझाही नाइलाज आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. खरं सांगायचं तर तू ये. ऑपरेशनच्या दाराशी बस आणि बाहेर येईल ते स्वतःच्या डोळ्यांनी बघ. हिच्यावर हे काम सोपवता येत नाही, ती आत्ताच सर्जनच्या बाजूला गेली आहे.

पुन्हा ता. क. येऊ नकोस. दुखणं थांबलं. एकदम, स्विच बंद केल्यासारखं. सिस्टरने बजावून ठेवलंय की असं झालं तर ताबडतोब सांगा. मुळीच सांगणार नाही, आपल्याच सलाइनचा गुण म्हणतील. फक्त हिला सांगतो, जरा खिजवायला.

आणखी एक ता. क. पत्र उशीखाली राहून गेलं होतं, मधे काही दिवस गेले. हिला सांगितलं तर ती अनवाणीच धावत सुटली आणि मग सगळेच धावले. दुखणं थांबलं ते नळी फुटली म्हणून. दाब गेला की घटकाभर आराम पडतो म्हणे, आणि तेवढ्यात पू पोटभर होतो. होकार मी दिला की हिने, आठवत नाही. भोकांवर भागलं नाही, चांगलं लांब कापावं लागलं. पोटातून एक रबरी नळी बाहेर सोडली आहे, शिरेतून अँटिबायोटिक चालू आहे. आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं, असं सर्जन म्हणाले. मी फार घाबरलो, ताई.

काढलेला पार्ट लॅबला धाडण्याआधी ते बाहेर येऊन हिला दाखवून गेले, माझी अट होती म्हणून. काळानिळा होता, फाटलेला, असं ही म्हणते. मी म्हटलं, बरं. नुसतं बरं म्हटलं. तो माझाच कशावरून, हे विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. शुद्धीवर आल्यापासून मी कोणाच्याच बोलण्यावर शंका घेतलेली नाही. इथला चहा अगदीच पाणचट असतो असं मास्तर म्हणाले, तेही मी खरं मानलं. माझं आत नक्की काहीतरी मोठं बिघडलंय आणि हे लोक लपवताहेत. मिळेल त्या गाडीने ये.