गुळगुळीत पत्रा

रविवार संध्याकाळ, भीमपूर

राग अजून उतरलेला नाही. जंगलात तंबू ठोकायला जातो तेव्हा राणीला, आमच्या घोडीला, न्यायला जीपमागे जोडायची गाडी हवी म्हणून वेल्डिंगवाल्याकडे गेलो, आणि ह्यांनी पसंत केली कापसाची ट्रॉली. तळाला गुळगुळीत पत्रा, कापूस सरसर खाली घसरावा म्हणून. त्यावर घोडी उभी राहणार कशी?

"हंगामात कापूसबी नेता येते ना. काऊन चिडून राह्यली?" हे म्हणाले.

वेल्डिंगवाला हसला. "वहिनी, घोडीले पंखाबी लावून देऊ का?"

मी बादलीभर पाणी पत्र्यावर ओतलं आणि ह्यांना म्हटलं, "चढा तुमी. मी जीप चालू करते."

चढले नाहीत. तरी ट्रॉली तीच ठरवून आले. वाटेत म्हणतात, "पत्र्यावर रबर नंतर टाकू."

नंतर म्हणजे कधी? तिचा पाय मोडल्यावर? स्वतः पाय ठेवायला धजले नाहीत, त्याच ओल्या पत्र्यावर तिला चढवणार?

राणीचा लगाम मी माझ्या कपाटात ठेवलाय. किल्ली माझ्याजवळ आहे. रबर बसेपर्यंत ह्यांनी एकट्यानंच जावं तंबूत झोपायला.