कुवेतच्या पोत्यावर तिचं नाव

दादा, शिरूरच्या एस्टी स्टँडवर माझ्या कॉलेजातली ती मला म्हणाली, "माझं ठरलंय. मुलगा कुवेतला वायरमन आहे," तिथून माझं सगळं फिरलं. दुसऱ्या कुठल्या गावाचं नाव घेतलं असतं तर मी निदान भांडलो तरी असतो. पण कुवेत म्हटल्यावर मला तुम्ही दिसलात. मार्केट यार्डातल्या गाळ्यात उकिडवे बसलेले, समोर कांद्याचं शिवलेलं पोतं, त्यावर पत्र्यात कापलेली इंग्रजी अक्षरं आणि हातात काळ्या शाईचा बोळा. तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तेलाच्या डब्यांचे पत्रे कापून तुम्हीच ती केली होती आणि त्यांना तुमचीच नावं होती: ही नाल, हा तंबू, हा विजेचा खांब. मी विचारतो, "दादा, तिथं कोण जातं?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "कांदा जातो. पूर्वी तिथं आपलाच रुपया चालायचा म्हनं." एकदा मी तंबू उलटा धरून शाई मारली, तेव्हा तुम्ही माझ्या पाठीत धपाटा घातलात. "जवळच्या गावाला चुकून गेला तर म्हागारी आनता यील. दर्याच्या पल्याड गेल्यावर कुनाला हाक मारनार?"

त्यानंतर वर्षभरात तुम्ही देवाघरी गेलात. मी चौथीत होतो. तुमचे अक्षरांचे पत्रे आईनं ट्रंकेत ठेवले आणि कॉलेजला जायला लागलो तेव्हा माझ्या हातात दिले. ह्यांचं मी काय करू, असं तेव्हा म्हणालो होतो. मग स्टँडवरचा तो दिवस आला, त्याच आठवड्यात प्राध्यापकांच्या अंगावर धावून गेलो, आणि पुन्हा वर्गात पाऊल टाकलं नाही. पत्रे घेऊन थेट तुमच्याच गाळ्यात कामाला गेलो. तुमच्या जोडीला पोती शिवणारे आप्पा अजून तिथंच होते. म्हणाले, "पत्रं बापाचं हायती, डोस्कं काय बापाचं दिसत न्हाई."

तिथं का गेलो, मला अजून कळत नाही. तिचं लग्न झालं, पासपोर्ट आला, तिकडच्या सरकारचा कागद आला, शिक्के बसले आणि ती गेली. कांद्यालाही कागद लागतो. दिल्लीनं निर्यात बंद केली की गाळा ओस पडतो, उघडली की जेवायला फुरसत नसते. रुपया चालला, कांदा चालतो, वायरमन चालतो. माझ्याकडे कागद कुणी मागितलाच नाही. तरी रोज तिच्या गावाचं नाव माझ्या हातून उमटायचं, आणि बरं वाटायचं की जळायचं, तेही नक्की सांगता येत नाही.

सोमवारी एका पोत्यावर, कुवेतच्या खाली, मी तुमच्याच अक्षरांनी तिचं नाव मारलं. ती तिथल्या बाजारात जाईल आणि तिला दिसेल, असं वाटलं. तिच्या नवऱ्याला दिसेल आणि घरात भांडण पेटेल, असंही वाटलं, दादा. खोटं कशाला बोलू.

काल दौंडच्या मालधक्क्यावर तपासणीच्या साहेबानं ते पोतं पाहिलं. ही दुसरी खूण कुणाची, म्हणून सगळाच माल अडवला. बंदरातली बोट चुकणार म्हणून गाळ्याचे मालक शेठ येऊन ओरडायला लागले. आप्पांनी एकदा माझ्या काळ्या बोटांकडं पाहिलं आणि म्हणाले, "माझ्याच हातून झालं, शेठ. मला कुठं वाचाया येतंय? पत्रं इकडचं तिकडं झालं आसतील."

"मग उद्यापासून येऊ नका."

आप्पांनी दाभण टोपीत खोचलं आणि निघाले. मी त्यांच्या मागं पळालो. "आप्पा, असं का केलंत?"

"तुझ्या बापानं मला ह्या गाळ्यात आनलं व्हतं, म्हून. तू गप का बसलास, त्ये तुझं तू बघ."

रात्रभर तेच बघतोय. सगळ्यांना मी सांगितलंय की ती मला सोडून पैशाच्या मागं गेली. स्टँडवरचं पुढचं कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं तळेगावची एस्टी जाऊ दिली होती. दुसरी लागेपर्यंत माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तू काही बोलणार आहेस का?" मी म्हणालो, "जा की. मला काय त्याचं?"

तुम्हीच सांगितलं होतं, दर्याच्या पल्याड गेल्यावर हाक पोचत नाही. पण आप्पा दोन गल्ल्या सोडून राहतात, आणि शेठनी एव्हाना गाळा उघडला असेल. हे पत्र ट्रंकेत टाकतो, दुसरीकडे कुठं टाकणार? पत्रे बरोबर घेतो, शेठना दाखवायला. बोलता येईल की नाही माहीत नाही. उठतो, बाहेर पडतो, दार लावून घेतो.