डाव्या हाताचे ठोके

बाबा,

तुम्ही मंडईतून यायच्या आत मी ऑफिसला निघते आहे, म्हणून लिहून ठेवते. समोर असते तर भांडणच झालं असतं.

चाळीस वर्षं तांबं ठोकून उजवं कोपर कामातून गेलंय, म्हणून डॉक्टरांनी सहा आठवडे हातोडी धरू नका सांगितलं. तुम्ही त्याचा अर्थ काय काढलात, तर डाव्या हाताने ठोकायचं! वर मला सांगता, "हातोडीला हातसुद्धा लावला नाही." मग खाली दुकानातल्या घंगाळावरचे ठोके उलट्या बाजूला कललेत, ते काय मांजराने मारले? तांबटाची लेक आहे मी, एवढं कळतं मला. आता डावं कोपरही गेलं, की घास कोण भरवणार?

बर्फाची पिशवी फ्रीजरमध्ये आहे, दोन्ही कोपरांना लावा. हातोडी माझ्या पर्समध्ये आहे, शोधत बसू नका.

आणि "हे बायकांचं काम नाही" म्हणून मला कधी ठोकू दिलं नाहीत ना? लहानपणापासून नुसती बघतच आले. आज तुमची पाठ वळल्यावर घंगाळावर तुमच्या ठोक्यांच्या ओळीखाली एक ओळ मी मारली आहे. चष्मा लावा आणि वाकडी कुठली, ते तुम्हीच सांगा.

रुपाली